एकाच मशीनवर दोन पायथन, तीन जावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यात आमची छोटी कॉम्प्युटर लॅब आहे, बारा मशीनची. जुलैत नवी बॅच बसली की, आणि पुन्हा प्रोजेक्ट सबमिशन तोंडावर आलं की, व्हर्जनच्या घोळाचे तेच प्रश्न जवळजवळ त्याच क्रमाने येतात. सांगून सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून काढलं. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे. उदाहरणं जास्त करून पायथनची आहेत, कारण रडारड तिथेच जास्त असते. जावा, नोड आणि पीएचपीवाल्यांनी थोडं खाली जावं.

पायथन ३.१२ टाकला, तरी टर्मिनल ३.१० च दाखवतंय. इन्स्टॉल झालाच नाही का?

झालाय. फक्त हाक मारल्यावर दुसराच कोणीतरी ओ देतोय.

आमच्या सोसायटीत तीन जोशी आहेत. कुरिअरवाला गेटवर नुसतं "जोशी" म्हणाला, तर वॉचमन ए विंगपासून पाट्या वाचायला लागतो आणि पहिला जोशी दिसला की तिथेच पार्सल देऊन मोकळा होतो. सी विंगमधले जोशी वाट बघत बसतात. कॉम्प्युटरचंही असंच चालतं. 'पाथ' नावाची एक यादी असते, फोल्डरांची. तुम्ही 'पायथन३' टाइप केलं की शेल (टर्मिनलमध्ये तुमची कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) ती यादी डावीकडून उजवीकडे चाळत जातो आणि त्या नावाची पहिली फाइल सापडली की तीच चालवतो. पुढच्या फोल्डरात नवा कोरा ३.१२ असला तरी तिथवर तो जातच नाही.

म्हणून 'कुठला व्हर्जन इन्स्टॉल आहे' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. 'आत्ता ओ कोण देतंय' हे आधी बघा. लिनक्स किंवा मॅकवर 'टाइप -ए पायथन३' दिलंत की त्या नावाचे सगळे उमेदवार क्रमाने दिसतात. बरेच जण 'विच पायथन३' देतात; ते फक्त पहिला दाखवतं आणि मग दुसरा आहे हेच कळत नाही. विंडोजवर 'व्हेअर पायथन'. पण पॉवरशेलमध्ये 'व्हेअर' हे भलत्याच कमांडचं टोपणनाव आहे. तिथे नुसतं 'व्हेअर' दिलं तर उत्तरच येत नाही आणि मुलांना वाटतं पायथन गायब झाला. पॉवरशेलमध्ये पूर्ण 'व्हेअर डॉट ईएक्सई' लिहा.

आणखी दोन गोष्टी हमखास फसवतात. एक, पाथ बदलल्यावर आधीपासून उघडी असलेली टर्मिनलची खिडकी जुनीच यादी धरून बसते. ती बंद करून नवी उघडा. व्हीएस कोडच्या आतलं टर्मिनल असेल तर अख्खा व्हीएस कोड बंद करून उघडा. दुसरं, बॅश (लिनक्सवरचा नेहमीचा शेल) एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतो आणि यादीतल्या आधीच्या फोल्डरात त्याच नावाची नवी फाइल आली तरी जुन्याच पत्त्यावर जातो. 'हॅश -आर' दिलं की तो विसरतो. विंडोजवाल्यांसाठी एक जास्तीची माहिती: सिस्टिमचा पाथ आधी लागतो आणि तुमच्या युजरचा नंतर. तुमच्या यादीत तुम्ही कितीही वर सरकवलंत, तरी सिस्टिमच्या यादीतला पायथन पुढेच राहणार.

विंडोजवर 'पायथन' टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडतं. व्हायरस आहे का?

नाही. विंडोजने त्या नावाची एक पोकळ फाइल ठेवलेली असते, तिचं काम दुकान दाखवण्याएवढंच. सेटिंग्जमध्ये जाऊन 'ॲप एक्झिक्युशन एलियासेस' शोधा आणि पायथनसमोरची दोन्ही बटणं बंद करा.

मग विंडोजवर एकातून दुसऱ्या व्हर्जनवर कसं जायचं?

'पाय' वापरा. हो, 'पाय'च. दरवर्षी नव्या बॅचमध्ये यावर एकदा हशा होतो आणि मग तो लक्षात राहतो. पायथन ३.३ पासून विंडोजच्या इन्स्टॉलरबरोबर हा छोटा लाँचर येतो. 'पाय -०' दिलं की मशीनवरचे सगळे पायथन दिसतात, नेहमीच्या समोर चांदणी असते. 'पाय -३.११ हिशेब.पीवाय' म्हटलं की ती फाइल ३.११ वर चालते. पाथमध्ये कोण पुढे, कोण मागे याचा काही संबंधच येत नाही. विंडोजवर पाथशी झटापट करणाऱ्यांना मी हेच सांगते: पाथ सोडा, पाय धरा.

सगळा घोळ नकोच. जुना पायथन उडवून टाकला तर?

लिनक्सवर असाल तर हात मागे घ्या. हा सल्ला फुकटचा नाही, मी त्याची किंमत मोजली आहे.

उबुंटू १८.०४ च्या काळातली गोष्ट. त्यात पायथन ३.६ यायचा आणि मला लॅबमध्ये ३.८ हवा होता. संध्याकाळची बॅच गेल्यावर मी ३.८ बसवला आणि 'अपडेट-अल्टरनेटिव्हज' वापरून 'पायथन३' हे नावच त्याच्याकडे वळवलं. एका मशीनवर 'पायथन३ --व्हर्जन' दिलं, ३.८ आला, खूश झाले. तीच स्क्रिप्ट बाराही मशीनवर फिरवली आणि घरी गेले.

सकाळी साडेसातला कळव्याहून येणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, टर्मिनल उघडत नाहीये."

"अरे, नीट डबल क्लिक कर."

"केलं. गोल गोल फिरतं आणि जातं."

शेजारच्या मशीनवर तेच. मग तिसऱ्यावर. उबुंटूचं टर्मिनल उघडणारी फाइल ही स्वतःच पायथनमध्ये लिहिलेली छोटी स्क्रिप्ट होती. तिला लागणारी लायब्ररी ३.६ साठी बांधलेली, आणि मी तिच्या हातात ३.८ दिला होता. म्हणजे दुरुस्त करायला टर्मिनल हवं आणि बिघडलंय ते टर्मिनलच. शेवटी 'कंट्रोल-ऑल्ट-एफ३' दाबून काळ्या पडद्यावर गेले, लॉगिन केलं, नाव परत ३.६ कडे वळवलं. बारा वेळा. त्या बॅचने त्या दिवशी पायथन सोडून बाकी सगळं शिकून घेतलं.

ही तरी फक्त नावाची अदलाबदल होती. 'पायथन३' पॅकेजच काढून टाकलं तर त्यावर टेकलेली इतर पॅकेजंही ओढली जातात आणि डेस्कटॉपच निघून जाऊ शकतो. एपीटी (उबुंटूवर पॅकेजं बसवणारं-काढणारं हत्यार) काय काय काढणार त्याची भलीमोठी यादी आधी दाखवतं. ती न वाचता 'वाय' दाबणारे दर वर्षी निदान एक तरी भेटतात.

तर मशीनचा पायथन मशीनला ठेवा, तुमचा तुम्ही वेगळा आणा. मॅकवरही तेच धोरण बरं. ॲपलने २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ मधून पायथन २.७ काढून टाकला, तेव्हा त्याच्या भरवशावर लिहिलेल्या स्क्रिप्ट एका अपडेटसरशी बंद पडल्या.

आपला वेगळा पायथन आणायचा कशाने?

लिनक्स आणि मॅकवर पायएन्व्ही. हे रूबीच्या आरबीएन्व्हीवरून घेतलेलं हत्यार आहे आणि त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. पाथच्या यादीत ते स्वतःचं 'शिम्स' नावाचं फोल्डर सगळ्यांच्या आधी घुसवतं. त्यात 'पायथन', 'पिप' (पायथनच्या लायब्रऱ्या बसवणारं हत्यार) अशा नावांच्या पोकळ फाइली असतात. म्हणजे वॉचमन आता पार्सल थेट कुठल्याच जोशांकडे नेत नाही. गेटवर बसलेल्या एका माणसाला विचारतो, आज कुठले जोशी?

हा माणूस ठरवतो कसा? आधी बघतो 'पायएन्व्ही_व्हर्जन' हे व्हेरिएबल लावलंय का. 'पायएन्व्ही शेल' कमांड तेच लावते आणि ते त्या एका खिडकीपुरतं असतं. नसेल तर चालू फोल्डरमध्ये 'डॉट पायथन-व्हर्जन' नावाची फाइल शोधतो. तिथे नसेल तर वरच्या फोल्डरात, मग त्याच्याही वरच्या. कुठेच नसेल तर 'पायएन्व्ही ग्लोबल'ने ठरवलेला, आणि तेही ठरवलं नसेल तर मशीनचा. 'पायएन्व्ही व्हर्जन' दिलं की आकडा तर दिसतोच, पण तो कुठल्या फाइलमुळे ठरला तेही दिसतं. तो दुसरा भाग वाचायची सवय लावा. एका मुलीच्या होम फोल्डरमध्ये कधीतरी चुकून 'पायएन्व्ही लोकल' दिलं गेलं होतं आणि ती दोन महिने ग्लोबल बदलत बसली होती.

माझा कौल 'लोकल'ला. प्रोजेक्टच्या फोल्डरात जाऊन एकदा 'पायएन्व्ही लोकल' आणि आकडा दिला की एका ओळीची फाइल बनते आणि ती प्रोजेक्टबरोबर फिरते. मशीन बदला, माणूस बदला, त्या फोल्डराला कुठला पायथन लागतो हे त्याच्याच पोटात लिहिलेलं असतं.

अडचण एकच: पायएन्व्ही पायथन सोर्समधून बांधतं. कंपायलर लागतो, शिवाय ओपनएसएसएल, झेडलिब, एसक्यूलाइट, रीडलाइन वगैरेंची डेव्हलपमेंट पॅकेजं. ती नसली तर कधी बांधणी फसते, कधी पायथन बनतो पण लंगडा. मग पिप चालवल्यावर एसएसएल मॉड्यूल नाही म्हणून ओरडतो. त्या वेळी पॅकेजं टाकून तोच व्हर्जन पुन्हा बांधावा लागतो. जुन्या मशीनवर यात एक चहा सहज होतो. एवढा धीर नसेल तर यूव्ही बघा. ते तयार बांधलेला पायथन उतरवतं: 'यूव्ही पायथन इन्स्टॉल ३.१२', की काम झालं. आणि ते विंडोजवरही चालतं. यंदाच्या बॅचला मी थेट यूव्हीवरच बसवलंय.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवलं की व्हर्जन बदलतो ना?

नाही. शेगडी आणि मसाल्याचा डबा यांत जेवढा फरक, तेवढा यांत आहे. पायथनचा व्हर्जन ही शेगडी, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट हा लायब्रऱ्यांचा डबा. ज्या पायथनने तो बनवला, त्याच्याशीच तो जोडलेला राहतो. 'पायथन३.११ -एम व्हेन्व्ह' म्हणून बनवलेला डबा कायम ३.११ चाच. त्या फोल्डरात 'पायव्हेन्व्ह डॉट सीएफजी' उघडून बघा, कुठल्या पायथनवर उभा आहे ते त्यात लिहिलेलं असतं. व्हर्जन बदलायचा असेल तर तो फोल्डर डिलीट करा, नव्या पायथनने पुन्हा बनवा, 'रिक्वायरमेंट्स' फाइलवरून लायब्रऱ्या परत भरा. त्यात जीव अडकवू नका.

आणि नुसतं 'पिप इन्स्टॉल' टाळा. 'पायथन -एम पिप इन्स्टॉल' म्हणा, म्हणजे ज्या पायथनने ओ दिली त्याच्याच डब्यात सामान पडेल. "पँडाज टाकलंय पण इंपोर्ट होत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: पिप एका जोशांचं, पायथन दुसऱ्या जोशांचं.

पिप म्हणतं 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट'. आता हे काय?

डेबियन १२ पासून आणि अलीकडच्या उबुंटूंमध्ये मशीनच्या पायथनमध्ये पिपने थेट काही घालायला बंदी आहे, वर सांगितलेल्या कारणासाठीच. ती मोडायला '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' असा पर्याय आहे. ज्या पर्यायाच्या नावातच 'मोडा' आहे तो वापरायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

माझ्याकडे चालतं, मैत्रिणीकडे नाही. दोघींकडे 'पायथन ३'च आहे!

ठाणे स्टेशनच्या ९-१० नंबरवर उभं राहिलं की वाशी लोकल येते, पनवेल लोकलही येते. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे: स्टेशनं तीच, पंखे तेच, खिडकीबाहेर तेच कारखाने. तुर्भे सुटलं की एक सानपाड्याकडे वळते, दुसरी जुईनगरकडे. चुकीच्या गाडीत बसलोय हे तोवर कळतच नाही.

तुमचा प्रोग्राम तसाच कुठल्यातरी तुर्भ्याला फुटतो. 'मॅच' आणि 'केस' लिहिलं असेल तर ते ३.१० पासून चालतं, ३.९ त्या ओळीला सिंटॅक्स एरर म्हणतो. एफ-स्ट्रिंगच्या महिरपी कंसात बाहेरचंच अवतरणचिन्ह पुन्हा वापरणं ३.१२ पासून चालतं, त्याआधी नाही. उलट दिशेनेही होतं: जुना कोड 'डिस्टयूटिल्स' मागतो आणि ३.१२ मधून ते काढून टाकलंय. तेव्हा एकमेकींना 'पायथन ३' सांगू नका, ३ नंतरच्या टिंबापुढचा आकडा सांगा.

३.९ मोठा की ३.१०?

३.१०. हा दशांश अपूर्णांक नाही, टिंबानंतर दहा. यात मुलंच नाही, मशीनही फसतं: यॅमल फाइलमध्ये अवतरणचिन्हं न लावता ३.१० लिहिलं की त्याचं ३.१ होतं आणि मग सर्व्हर ३.१ शोधत बसतो. अवतरणात लिहा.

जावामध्ये 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' आणि ६१, ५५ असले आकडे येतात. जावा ६१ कधी आला?

कधीच नाही. तो क्लास फाइलच्या साच्याचा आकडा. त्यातून ४४ वजा करा: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. एररचा अर्थ एवढाच, की प्रोग्राम १७ वर कंपाइल केलाय आणि चालवायला ११ बसलाय. एवढी वजाबाकी पाठ असली की तोंडी परीक्षेतही भाव खाता येतो.

असं होण्याचं कारण म्हणजे जावाचे दोन कारभारी असतात. टर्मिनलमध्ये 'जावा' टाइप केलं की पाथचं ऐकलं जातं, पण मेव्हनसारखी प्रोजेक्ट बांधणारी हत्यारं 'जावा_होम' या व्हेरिएबलकडे बघतात. दोन्हींत वेगळे आकडे असले की कंपाइल एकीकडे, चालवणं दुसरीकडे. 'जावा -व्हर्जन' आणि 'एमव्हीएन -व्ही' पाठोपाठ देऊन बघा. आकडे जुळले नाहीत तर चोर सापडला. विंडोजवर ओरॅकलचा इन्स्टॉलर 'जावापाथ' नावाचं फोल्डर पाथमध्ये घालतो, तेही बघून घ्या.

बदलायचं कसं: उबुंटूवर 'सुडो अपडेट-अल्टरनेटिव्हज --कॉन्फिग जावा', क्रमांकांची यादी येते, हवा तो दाबा. मग हेच 'जावासी'साठी, म्हणजे कंपायलरसाठी, वेगळं करा. हे नव्वद टक्के लोक विसरतात, मीही धरून. इथे नाव वळवायला हरकत नाही, कारण उबुंटूचा डेस्कटॉप जावावर उभा नाही. मॅकवर '/यूएसआर/लिबएक्झेक/जावा_होम -व्ही', त्यातला 'व्ही' कॅपिटल, सगळे जावा दाखवतं. रोजच्या रोज अदलाबदल करणाऱ्यांनी एसडीकेमॅन घ्यावं: 'एसडीके यूज जावा' या खिडकीपुरतं, 'एसडीके डिफॉल्ट जावा' कायमचं. आणि नवा जावा असूनही जुन्यासाठी कंपाइल करायचं असेल तर व्हर्जन बदलायचीही गरज नाही, 'जावासी --रिलीज ११' पुरतं.

नोडसाठी?

एनव्हीएम. 'एनव्हीएम यूज २०' त्या खिडकीपुरतंच असतं, म्हणून नवी खिडकी उघडली की "परत जुना आला" असं होतं. कायमसाठी 'एनव्हीएम एलियास डिफॉल्ट २०'. प्रोजेक्टमध्ये 'डॉट एनव्हीएमआरसी' फाइल ठेवा. '-जी' लावून टाकलेली पॅकेजं प्रत्येक नोडची स्वतंत्र असतात. व्हर्जन बदलल्यावर ती गेली असं वाटतं, ती जुन्या नोडपाशी सुखरूप असतात. विंडोजवरचं एनव्हीएम हा नावाने सारखा पण वेगळाच प्रोजेक्ट आहे, त्याला लिनक्सवरच्या सगळ्या कमांड कळत नाहीत.

सीनियरने दिलेला जुना रिॲक्ट प्रोजेक्ट चालवताना 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड' आलं, तर तुमचं काही चुकलेलं नाही. नोड १७ पासून ओपनएसएसएल ३ आलं आणि जुन्या वेबपॅकला (प्रोजेक्टच्या फाइली एकत्र बांधणारं हत्यार) लागणारी हॅशची जुनी पद्धत त्यात नेहमीसारखी मिळत नाही. वेबपॅक वाढवा, सबमिशन उद्यावर असेल तर १६ वर जाऊन आजचा दिवस काढा.

पीएचपी बदलला, पण ब्राउझरमध्ये जुनाच दिसतो.

टर्मिनलचा पीएचपी आणि अपाचीचा, म्हणजे ब्राउझरला पानं देणाऱ्या वेब सर्व्हरचा, पीएचपी वेगळे. 'ए२डिसमॉड' देऊन अपाचीतला जुना बंद करा, 'ए२एनमॉड'ने नवा चालू करा, अपाची रीस्टार्ट करा.

हाताने चालवलं की चालतं, क्रॉनमध्ये टाकलं की मोडतं.

क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्राम, तुमची बॅशची सेटिंग्ज वाचत नाही. त्याची पाथची यादी दोन-चार फोल्डरांची, त्यात पायएन्व्ही नाही आणि एनव्हीएम तर नाहीच. पायथनचा पूर्ण पत्ता लिहा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट असेल तर त्याच्या 'बिन' फोल्डरातल्या पायथनचा पत्ता दिला की 'ॲक्टिव्हेट'चीही गरज नाही.

नवीन प्रोजेक्टला कुठला पायथन घेऊ?

दरवर्षी ऑक्टोबरात नवा येतो आणि प्रत्येकाला साधारण पाच वर्षं सुरक्षेची दुरुस्ती मिळते. ३.८ ची मुदत २०२४ मध्ये संपली, ३.९ ची २०२५ मध्ये. मी स्वतः सगळ्यात नव्याच्या एक पाऊल मागे राहते, कारण मोठ्या लायब्रऱ्यांना नव्याशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात. पण प्रोजेक्ट कॉलेजच्या मशीनवर दाखवायचा असेल तर हा सगळा सल्ला बाजूला ठेवा आणि तिथल्या लॅबमध्ये काय बसवलंय ते आधी जाऊन बघून या.

कॉलेजच्या मशीनवर ॲडमिन पासवर्ड नाही. मग?

यूव्ही, एनव्हीएम, एसडीकेमॅन तुमच्या होम फोल्डरमध्येच बसतात, पासवर्ड मागत नाहीत. पायएन्व्हीही तसंच, पण बांधणीची पॅकेजं आधीपासून नसतील तर अडेल. विंडोजवर पायथनचा इन्स्टॉलरही फक्त तुमच्या युजरपुरता बसवता येतो.

सबमिशनच्या झिपमध्ये काय काय टाकू?

कोड, 'रिक्वायरमेंट्स' आणि ती एका ओळीची व्हर्जन फाइल. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर आणि 'नोड_मॉड्यूल्स' नको. ती दुसऱ्या मशीनवर चालतीलच असं नाही आणि झिप फुगते ती वेगळीच. घणसोलीहून येणाऱ्या एकाने गेल्या वर्षी अख्खं फोल्डर झिप करून पेन ड्राइव्हवर आणलं. ती कॉपी होईपर्यंत त्याच्या मागचे दोघे प्रोजेक्ट दाखवून घरीही गेले. तो मात्र सगळं कॉपी झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, याच्यात पायथन विंडोजचा आहे आणि हे मशीन उबुंटूचं."